एक परवाना आणि दोन कचेऱ्या



एकाच मालकाची कचेरी कर्जतला आणि कारखाना खोपोलीला असला, तर कर्जतचे टेबल उचलून खोपोलीला नेण्यास कोणाची परवानगी लागत नाही. पण कर्जतच्या संगणकावरील विंडोज खोपोलीच्या संगणकावर उतरवून घेतली, तर तो गुन्हा होऊ शकतो. हे कोडे कामगारांनी समजून घेतले पाहिजे, कारण उतरवून घेण्याचे काम मालक स्वतःच्या हाताने करीत नाही. ते तो कारकुनाला सांगतो.

आपण घेतो तो फक्त वापरण्याचा परवाना. प्राप्तिकराच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली हा भेद स्पष्ट केला. यंत्राबरोबर आलेला परवाना बहुधा त्या यंत्रालाच जखडलेला असतो. सुटा घेतलेला दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, पण पहिल्यावरून पुसून. घाऊक परवान्यात यंत्रे मोजलेली असतात. म्हणजे प्रश्न गावांमधील अंतराचा नव्हेच.

अमेरिकेतील युनिक्स प्रणालीच्या परवान्यात तर यंत्र नेमून दिलेले असे. एका संस्थेने दुसरीस टेप द्यावयाची तर दोघींकडे परवाना हवा. ऑस्ट्रेलियातील जॉन लायन्स या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी तिच्यावर भाष्य लिहिले. 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने तिचे मूळ लेखन वर्गात शिकविणेच बंद केले! विद्यार्थ्यांनी भाष्याच्या झेरॉक्स काढल्या. ते उघडपणे छापले गेले 1996 साली. गीतेवरच्या टीकेला असा परवाना लागता, तर आपली काय गत झाली असती?

आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. कलम 52 प्रमाणे कायदेशीर धारकाला राखीव प्रत ठेवता येते, पण ती नाशापासून बचावासाठी. दुसरी कचेरी चालविण्यासाठी नव्हे. कलम 63-ब म्हणते, जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्या कोणालाही 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. कलम 69 कंपनीला आणि तिचा कारभार पाहणाऱ्यालाही धरते, हे ठीक. पण 'कोणालाही' या शब्दात आमचा बारा हजारांवरचा कारकूनही बसतो.

म्हणून हुकूम लेखी मागा. तो कागद म्हणजे कवच नव्हे, परंतु सांगणारा कोण, हे त्यावर राहते. कोणत्या यंत्रावर कोणता परवाना, याची वही ठेवा.

आणि मालकाला खर्च परवडत नसेल, तर लिनक्स आहे. तिच्या परवान्यातच प्रती काढून वाटण्याची मुभा आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने तिच्यावरून 'बॉस' नावाची भारतीय प्रणालीही केली. मालक म्हणेल, माझ्या माणसांना ती येत नाही. मग चार दिवस भरपगारी शिकवा म्हणावे.