रुपया घसरला, पण खाणी बंद

गोव्यातलं सर्वण गाव ज्या डिचोली तालुक्यात येतं, तिथलं लोहखनिज बार्जमधून मांडवीवाटे मुरगाव बंदरात जायचं आणि विकलं जायचं डॉलरमध्ये. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. डॉलरमधली किंमत तीच राहिली, तरी टनामागे जास्त रुपये मिळणार, असं गणित होतं. पण परदेशी यंत्रं, त्यांचे सुटे भागही तसेच महागणार, ही बाजू निर्यातीच्या गप्पांत हमखास राहून जाते. पुढे ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया पुन्हा घसरला, डॉलरने ६८ रुपये ओलांडले. एरवी निर्यातदारांची चांदी! पण तेव्हा गोव्यातल्या खाणी सप्टेंबर २०१२ पासून बंद होत्या. खनिज वाहणाऱ्या, पण खाणबंदीमुळे उभ्या असलेल्या ट्रकांच्या मालकांच्या वाट्याला आलं ते महागलेलं डिझेल.