गांजा : केस पेपरवर न येणारे व्यसन

(वार्षिक सभेनंतर झालेल्या देणगीदार व रुग्ण-कुटुंबीयांच्या मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)





वर्षाचा जमाखर्च आपल्यासमोर मांडून झाला आहे. त्यावर काही शंका असल्यास चहाच्या वेळी अवश्य विचाराव्यात. उरलेल्या वेळात, आपल्या जिल्ह्यात सहसा सभेत न निघणाऱ्या एका विषयावर बोलण्याची अनुमती मी अध्यक्षांकडे मागितली आणि त्यांनी ती दिली. तो विषय आहे गांजा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझा संबंध बिले, भांडार आणि नोंदवह्यांशी. वैद्यकीय भाग मी आपल्या डॉक्टर मंडळींकडून समजून घेतला आहे. परंतु या विषयाकडे माझे लक्ष वळले ते मात्र नोंदवहीतूनच.

आपल्या प्रत्येक केस पेपरवर 'व्यसन' असा एक रकाना असतो. त्यात तंबाखू येते, खर्रा येतो. दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात दारूसुद्धा येते, थोडा दबकत का होईना. गांजा जवळजवळ कधीच येत नाही. मग आपल्या भागात गांजा नाही काय? आंध्र-ओडिशाच्या सीमेवरील डोंगराळ मुलखातून निघणारा माल रेल्वेने आणि रस्त्याने याच पट्ट्यातून पुढे जातो, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. जेथून माल जातो तेथे तो थोडाफार सांडतोही.

वर्धा म्हटले की सेवाग्राम आठवते आणि सेवाग्राम म्हटले की दारूबंदी. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून आपला जिल्हा कायद्याने कोरडा आहे. तिचा अंमल कितपत होतो, हा वाद मी आज काढत नाही. एवढेच म्हणतो, की यामुळे व्यसन म्हणजे दारू, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. दारू प्यालेला मुलगा घरी आला की तोंडाला वास येतो, पाय अडखळतात, आवाज चढतो, शेजाऱ्यांना कळते. गांजा ओढलेला मुलगा मुकाट्याने येतो, नेहमीपेक्षा दोन पोळ्या अधिक खातो आणि झोपतो. गांजालाही उग्र वास असतो. पण तो ओळखणारे कोणी घरात नसते. "निदान दारू तरी पीत नाही," हे वाक्य केस पेपरच्या खिडकीवर मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकले आहे. त्यात समाधान असते आणि थोडी भीतीही असते.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून गाव आणि तपशील वगळले आहेत. कापूस-तुरीची शेती असलेले कुटुंब, एकवीस वर्षांचा मुलगा. दर दीड-दोन महिन्यांनी त्याला उलट्या सुरू होत, त्या तीन-चार दिवस थांबत नसत. सलाईन लावावे, बरे वाटले की घरी न्यावे, पुन्हा तेच. आमच्याकडे येण्यापूर्वी सोनोग्राफी दोन वेळा झाली होती, दुर्बिणीची तपासणी झाली होती, पोटात काही सापडले नव्हते. एकदा वडील चहा आणावयास खाली गेले असता वॉर्डातील सिस्टरांनी सहज विचारले, "बाळा, तू इतक्या वेळा गरम पाण्याने अंघोळ का मागतोस?" मुलगा म्हणाला, अंगावर गरम पाणी घेतले की तेवढ्यापुरती मळमळ थांबते. डॉक्टरांना ही खूण माहीत होती. दीर्घकाळ रोज गांजा ओढणाऱ्या काही जणांना असा वारंवार उलट्यांचा विकार जडतो आणि गरम पाण्याने त्यास तात्पुरता आराम पडतो, हे ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी २००४ साली प्रथम नोंदवले. त्यावर खरा उपाय एकच, गांजा सोडणे. हा मुलगा सोळाव्या वर्षापासून ओढत होता. त्याच्या केस पेपरवर व्यसनाच्या रकान्यात वडिलांनी 'नाही' असे सांगितले होते, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ते खरेच होते. त्यांनी तोवर भरलेल्या बिलांची थप्पी मी पाहिली आहे. तेवढ्या पैशांत पेरणीचा हंगाम निघाला असता.

आता मूळ पदार्थाविषयी. भांग, गांजा आणि चरस या तीन वेगळ्या वनस्पती नव्हेत. एकाच झाडाचे हे तीन प्रकार. पाने वाटून होते ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे वाळवून होतो तो गांजा, आणि त्यावरील चिकट राळ म्हणजे चरस. नशा आणणारे द्रव्य तिन्हींत एकच, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, ज्यास डॉक्टर संक्षेपाने टीएचसी म्हणतात. पानांत ते सर्वांत कमी आणि राळेत सर्वांत अधिक असते.

घेण्याच्या पद्धतीवर परिणाम फार अवलंबून असतो, आणि घरच्यांनी नेमके हेच समजून घ्यावे असे मला वाटते. जुन्या पद्धतीत मातीची चिलीम, तळाशी खडा, तोंडाशी ओल्या कापडाची साफी आणि आत तंबाखूत मळलेला गांजा. साफीने धूर शुद्ध होतो हा समज चुकीचा आहे. तो थोडा थंड होतो, इतकेच. नवी मुले सिगारेट रिकामी करून तीत भरतात, किंवा पानठेल्यावर मिळणाऱ्या कागदात गुंडाळतात. धुरातून घेतलेला अंमल काही मिनिटांत चढतो आणि साधारण दोन-तीन तासांत उतरतो. दम खोल ओढून छातीत रोखून धरण्याची रीत असल्याने डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसात अधिक साचतात. शिवाय तंबाखू मिसळलेली असते, म्हणून एकाच चिलमीत दोन व्यसने लागतात. गांजा सोडू पाहणारा पुष्कळदा निकोटिनच्या ओढीने परत फिरतो.

पोटातून घेतलेल्या भांगेचे गणित निराळे आहे. ठंडाई असो, गोळी असो वा माजूम असो, अंमल चढावयास अर्धा तास ते दोन तास लागतात. होळीला किंवा महाशिवरात्रीला घोटाळा होतो तो येथेच. पहिल्या पेल्याने काही झाले नाही असे समजून मनुष्य दुसरा पेला घेतो आणि मग दोन्ही एकदम चढतात. यकृतात टीएचसीचे जे रूपांतर होते तेही प्रखर असते आणि हा अंमल सहा-आठ तास, कधी त्याहून अधिक टिकतो. छातीत धडधड, कोरडा घसा, 'मी मरतो आहे' अशी भीती, अशा अवस्थेत सणाच्या रात्री अपघात विभागात येणाऱ्यांत वयस्क मंडळीही असतात. हृदयविकार असलेल्यांनी तर हा पेला देवाचा प्रसाद म्हणूनही घेऊ नये; नाडीचे ठोके वाढतात, उभे राहताना रक्तदाब एकदम उतरतो. लहान मुलांच्या हाती ही ठंडाई लागणे त्याहून गंभीर.

दीर्घकाळच्या परिणामांविषयी बोलताना मी जपून बोलणार आहे. व्यसनमुक्तीच्या फलकांवर पुष्कळदा इतके काही लिहिलेले असते की तरुण मुले त्यातले एक खोटे पकडतात आणि मग उरलेले नऊ खरेही मानत नाहीत. गांजाने प्रत्येक जण वेडा होत नाही. घेणाऱ्या साधारण दहांपैकी एकास त्याचे व्यसन जडते. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सहांत एक होते. रोज ओढणाऱ्यास जुनाट खोकला, कफ, स्मरण व एकाग्रता कमी होणे, हे त्रास होतात. गर्भवतीने घेतल्यास बाळाचे वजन कमी भरते. आणि काही मुलांत, विशेषतः घरात मनोविकाराचा इतिहास असल्यास, भास, संशय, स्वतःशी बोलणे अशी लक्षणे दिसू लागतात. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या पंचेचाळीस हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांना स्किझोफ्रेनिया होण्याचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट आढळले. इतर कारणे वजा केली की हा आकडा उतरतो, पण शून्यावर येत नाही. दुसऱ्या बाजूस हेही खरे, की याच वनस्पतीतील कॅनाबिडिऑल हे नशा न आणणारे द्रव्य लहान मुलांच्या काही दुर्मीळ अपस्मारांवर उपयोगी ठरले असून अमेरिकेत २०१८ पासून त्याच्या औषधास मान्यता आहे. परंतु डॉक्टरांनी मोजून दिलेले औषध आणि पुडीतला गांजा यांचा एकमेकांशी संबंध जोडू नये.

नोंदवहीविषयी मी आरंभी बोललो. या देशात गांजाची पहिली मोठी तपासणी १८९३-९४ साली ब्रिटिश सरकारच्या आयोगाने केली. वर्धा त्या वेळी मध्यप्रांतात होता आणि या प्रांतात गांजाची परवानाधारक लागवड खंडव्याजवळ निमाड जिल्ह्यात होत असे. गांजाने माणसे वेडी होतात, वेड्यांची इस्पितळे त्यांनी भरली आहेत, असा तेव्हा बोलबाला होता. आयोगाने इस्पितळांचे दप्तर तपासले. वेडाचे कारण म्हणून गांजा लिहिलेला, पण ते लिहिले कोणी? पुष्कळ ठिकाणी रुग्णासोबत आलेल्या पोलिसांच्या कागदावरून कारकुनाने रकाना भरलेला. कारण तर लिहावेच लागते, मग गांजा! चौकशीअंती अशा कितीतरी नोंदी टिकल्या नाहीत. माफक सेवनाने सहसा मोठी हानी नाही, अतिसेवनाने मात्र आहे, असा निष्कर्ष आयोगाने दिला. हा सात खंडांचा अहवाल मला हिशेबतपासणीचा उत्तम नमुना वाटतो. तेव्हा जेथे गांजा नव्हता तेथे तो लिहिला जाई. आज जेथे आहे तेथे लिहिला जात नाही. दोन्ही नोंदींनी उपचार चुकतो.

आज तो का लिहिला जात नाही? लाज हे एक कारण, पण मोठे कारण पोलिसांचे भय. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा व चरस बाळगणे आणि सेवन करणे गुन्हा ठरवले आहे. भांगेची पाने त्या कायद्यातून वगळली असली तरी महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा तिलाही लागू होतो. केवळ गांजा-सेवनाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मुलाचे नाव कागदावर आले तर नोकरी गेली, सोयरीक मोडली, असे बापास वाटते. म्हणून तो भूतबाधा सांगतो, परीक्षेचे टेन्शन सांगतो, पण गांजा सांगत नाही.

याच कायद्यात कलम चौसष्ट-अ आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा दाखल झालेली व्यसनाधीन व्यक्ती आपणहून शासनाच्या वा शासनमान्य संस्थेत व्यसनमुक्तीचा उपचार घेईल, तर तिच्यावर खटला चालवला जाणार नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. ज्याच्यावर गुन्हाच नाही, त्याने डॉक्टरांना खरे सांगितल्यास ते गुप्त राहते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकार मानसिक आजारांत गणले आहेत आणि रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. आमच्या खिडकीवरचा कर्मचारी पोलिसांचा खबऱ्या नव्हे, हे मी येथे प्रशासक म्हणून सांगतो.

२०१९ साली केंद्र शासनासाठी दिल्लीच्या एम्सने जे राष्ट्रीय सर्वेक्षण प्रसिद्ध केले, त्यानुसार वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेतलेले सुमारे तीन कोटी दहा लाख लोक देशात होते आणि त्यांपैकी बहात्तर लाखांना मदतीची गरज होती. गांजा सोडवणारी अशी खास गोळी नाही. सोडल्यावर पहिला आठवडा कठीण जातो : चिडचिड, निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे, घाम. साधारण दोन आठवड्यांत हे ओसरते. या काळात हवा असतो तो न रागावता रोज बोलणारा माणूस, आणि पुढे काही महिने आठवड्यातून एकदा. म्हणजेच समुपदेशक.

गांधीजींनी १९४१ च्या डिसेंबरात सेवाग्रामहून बारडोलीस जाताना आगगाडीत 'रचनात्मक कार्यक्रम' ही पुस्तिका लिहिली. तीत दारूबंदीच्या प्रकरणात त्यांनी डॉक्टरांवर एक काम सोपवले आहे : दारुड्यास आणि अफूबाजास त्या पाशातून सोडवण्याच्या वाटा शोधण्याचे. बंदीच्या कायद्याची चर्चा आपल्या जिल्ह्यात भरपूर झाली; या कामाची त्या मानाने थोडी.

म्हणून देणगीदारांना माझी विनंती आहे. आपण यंत्रे देता, खाटा देता, त्यांवर वडिलांचे नाव कोरले जाते, ते योग्यच आहे. समुपदेशकाच्या वेतनावर कोणाचे नाव कोरता येत नाही, म्हणून त्या खात्यात देणगी येत नाही. विश्वस्त मंडळाने यंदा त्यासाठी एक खोली दिली आहे. पूर्णवेळ समुपदेशक आणि महिन्यातून दोन वेळा येणारे मनोविकारतज्ज्ञ, एवढ्या दोन वेतनांची तीन वर्षांची तरतूद आम्हांस हवी आहे. भास-संशय असलेले किंवा भरती करावे लागणारे रुग्ण आपण सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात अथवा सावंगीला पाठवू. तेथे मनोविकार विभाग आहेत आणि आपण त्यांची नक्कल करण्याचे कारण नाही.

कुटुंबीयांसाठी एवढेच. मुलगा न आला तरी आई-वडिलांनी आधी येऊन बोलावे; पुष्कळदा सुरुवात तशीच होते. ज्यांना येणे शक्य नाही त्यांना १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदत क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. आमच्या येथील पहिली भेटही विनामूल्य आहे. ती खोली औषध भांडाराच्या मागील बाजूस असून तिचे दार बाहेरच्या अंगणात उघडते. केस पेपरवर विभागाचे नाव येत नाही, केवळ खोलीचा क्रमांक येतो.