कुमारवय, घर आणि सोबती



दिवाळी सरली की जव्हारच्या बाजारपेठेतील गिऱ्हाईक ओसरू लागते. पाड्यांवरची कुटुंबे बयाणा घेऊन भिवंडी, कल्याण, वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. व्यापाऱ्याच्या वहीत ही मंदी असते. मागे राहिलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र तेवढे महिने घरच नसते. कोणी आश्रमशाळेत राहतो, कोणी आजीजवळ.

अशा एखाद्या मुलाने दुकानातून वस्तू उचलली की 'संगत वाईट' असे म्हणून विषय संपवला जातो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रश्नच उलटा मांडला : मुले गुन्हा का करतात यापेक्षा, बहुसंख्य मुले तो का करीत नाहीत? त्यांचे उत्तर होते, जिव्हाळ्याचे बंध. मोहाच्या क्षणी आई समोर नसते. परंतु 'आईला काय वाटेल' हा विचार मनात आला की हात आखडतो. त्यासाठी आई सुस्थितीतील असावी लागत नाही. मजूर आईची मायाही तेवढीच राखण करते. सोबत्यांचा प्रभाव मात्र हर्शी यांनी कमी लेखला, हे पुढील संशोधनातून दिसले. घरचा धागा सैल झाला की सोबत्यांच्या शब्दाला वजन येते.

हे सोबती वाईटच असतात असे मात्र नव्हे. मोखाड्याचा बोहाडा पाहावा. कित्येक सोंगांचा मान घराण्यात चालत येतो. मुखवटा चढवून संबळाच्या ठेक्यावर नाचणाऱ्या मुलाला गावात नाव असते, आणि त्याच्यासोबत रात्र जागवणारे सवंगडी ते नाव जाणतात. ते घालवायला कोणता मुलगा सहजी धजेल?

बाल न्याय अधिनियम, २०१५ हा याच विश्वासावर उभा आहे. संगोपनाची प्रथम जबाबदारी कुटुंबाची. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय. समज देऊन, समुपदेशन करून मुलाला घरी पाठविण्याचा अधिकार बाल न्याय मंडळास आहे. पण घरच भट्टीवर गेले असेल, तर त्याला पाठवायचे कोठे?

येथे बाजारपेठेचा संबंध येतो. दुकानदार त्या मुलाला नावाने ओळखतो. बापाची उधारी त्याच्याच वहीत असते, बहुधा मोबाइल क्रमांकासह. पहिला फोन पोलीस ठाण्यात करावा की भिवंडीजवळच्या भट्टीवर राबणाऱ्या त्या बापाला, हे त्या घटकेला दुकानदारच ठरवीत असतो.