चोखोबांची हाडे



आमची शाळा चौथीला सुटली. पुढचे शिक्षण मोर्चांनी आणि वाचनालयांनी केले. संतांवर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील, तर उत्तर एवढेच, की चोखोबा आमच्यातले होते. ते मजूर होते, आणि कामावर मेले.

साल १३३८. मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना कोसळले आणि चोखोबा त्याखाली गाडले गेले. परंपरा सांगते, की त्यांचे गुरू नामदेव हाडे आणायला गेले. ढिगाऱ्यात अनेकांची हाडे मिसळलेली. नामदेवांनी एकेक हाड कानाशी धरले. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले, ते चोखोबांचे. ती पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. तिथेच नामदेवांची पायरी. गुरुशिष्य दोघेही दारात.

जिवंतपणी दार बंद, मेल्यावर दाराबाहेर जागा! चोखोबांच्या जातभाईंना आत जायला १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी उपोषणात प्राण पणाला लावणारे साने गुरुजी आपल्या पालगडचे. आणि याच रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ सालीच सर्वांना खुले झाले होते.

पण हाडे बोलतात काय? तरुणपणी आम्ही या कथेला हसत असू. मग एका चिरेखाणीत दरड कोसळली. तीन गडी गेले. हजेरीपत्रकात नावे दोनच. तिसरा आपल्याकडे कामाला नव्हताच, असे ठेकेदार म्हणाला. त्या गड्याच्या बायकोने पहारीला गुंडाळलेली चिंधी ओळखली. ती तिच्याच लुगड्याची होती. त्या चिंधीवर आम्ही भरपाईसाठी दोन वर्षे भांडलो. साक्षीला एकच जण उभा राहिला. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचे होते.

तेव्हा कथा उमगली. मेलेल्या मजुराला त्याचे नाव परत मिळवून देणे, हेच नामदेवांनी केले.

लहान तोंडी मोठा घास घेऊन एक विचारतो. त्या ढिगाऱ्यातली बाकीची हाडे कोणाची? त्यांची नावे कथेने ठेवली नाहीत. ती आता सापडायची नाहीत. पण उद्या आपल्या घरी चिरे लावायला जो गडी येईल, त्याचे नाव विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पायरीला हात लावण्याइतकेच ते पुण्याचे आहे, असे आम्ही समजतो.