पुढे पाठवण्याआधी थांबा



१ जुलै २०१८. रविवार.
धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा गाव.
आठवडी बाजार भरला होता.

त्या दिवसांत मोबाइलवर एक अफवा फिरत होती.
मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी.
बाजारात पाच अनोळखी माणसं दिसली.
नाथपंथी डवरी गोसावी समाजाची.
भिक्षा मागून पोट भरणारी.
जमावानं त्या पाचही जणांना ठार मारलं.
ती माणसं निरपराध होती.

अशा अफवांना आळा घालण्यासाठी त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतासाठी नवी मर्यादा जाहीर केली.
एक मेसेज एका वेळी फक्त पाच ठिकाणी पाठवता येईल.
पुढे २०२०मध्ये ही मर्यादा आणखी कडक झाली.
खूप फिरलेला मेसेज आता एका वेळी एकाच ठिकाणी जातो.
त्यावर दुहेरी बाणाची खूण असते.
ती खूण दिसली, की थांबा.

पूर्वी बातमी छापण्याआधी संपादक ती तपासायचा.
आता मेसेज थेट आपल्या हातात येतो.
म्हणून तपासण्याचं कामही आपलंच.

निवडणुकीत तर याची फार गरज असते.
नेत्याचं जुनं भाषण आजचं म्हणून फिरतं.
व्हिडिओ मधूनच कापलेला असतो.
आपलं मत त्यावर ठरू देऊ नका.
तारीख पाहा. पूर्ण भाषण ऐका.
मेसेज केंद्र सरकारच्या योजनेचा असेल, तर सरकारच्याच पीआयबी फॅक्ट चेक या तपासणी विभागाकडे खात्री करता येते.

घरातल्या मोठ्यांनाही हे आज सांगा.
खात्री नसेल, तर मेसेज पुढे पाठवू नका.