हुकूम, होकार आणि गैरसमज
(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



कामाच्या ठिकाणी होणारे गैरसमज हा विषय आज व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो. बोलणाऱ्याने स्पष्ट बोलावे, ऐकणाऱ्याने लक्षपूर्वक ऐकावे, उभयतांनी सौजन्य राखावे, म्हणजे कामात घोटाळे होणार नाहीत, अशी तेथील शिकवण असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. कारखान्यात, कचेरीत किंवा एस. टी.च्या आगारात बोलणारा आणि ऐकणारा एका पायरीवर उभे नसतात. एकाच्या हाती हुकूम असतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला होकार येतो. पर्यवेक्षक विचारतो, ‘समजले ना?’ कामगार उत्तरतो, ‘होय साहेब.’ हा होकार समजल्याचा आहे की नोकरी सांभाळण्याचा आहे, हे विचारणाऱ्याला कळत नाही आणि उत्तर देणाऱ्याला सांगता येत नाही. पुढे काम बिघडले, तर ‘तुला सांगितले होते’ हे वाक्य तयारच असते. गैरसमज दोघांचा, शिक्षा मात्र एकाला, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच समाजवादी कार्यकर्त्याने या विषयाकडे शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून न पाहता हक्काचा प्रश्न म्हणून पाहिले पाहिजे.

या व्यवहाराची किंमत किती भयंकर असू शकते, हे भोपाळने दाखवून दिले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री पावणेअकराच्या सुमारास युनियन कार्बाइडच्या कारखान्यात पाळी बदलली. मिथाइल आयसोसायनेटच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतील दाब आधीच्या पाळीत दर चौरस इंचाला सुमारे २ पौंड होता. अकराच्या सुमारास नव्या पाळीला तो १० दिसला. १० हा आकडा नेहमीच्या मर्यादेत बसणारा असल्यामुळे कोणाला काही वावगे वाटले नाही. आधीचा आकडा २ होता आणि दाब थोडक्या वेळात पाचपट झाला आहे, ही गोष्ट एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे पोचलीच नाही. साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले आणि त्यांनी तसे कळवलेही. परंतु त्या कारखान्यात डोळे चुरचुरणे हे रोजचेच झाले होते. पाहणी चहानंतर करण्याचे ठरले. अपघातानंतर वृत्तपत्रांनी घेतलेल्या शोधांतून आणि कामगारांच्या निवेदनांतून हा तपशील पुढे आला. कामाच्या पद्धतीच्या आणि सुरक्षिततेच्या सूचना तेथे इंग्रजीत लावलेल्या होत्या आणि यंत्रे चालवणाऱ्यांपैकी अनेकांना केवळ हिंदी येत होती, हेही त्याच वेळी उघड झाले.

मात्र ‘सूचना हिंदीत असत्या तर भोपाळ टळले असते’ असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. खर्च वाचवण्यासाठी सुरक्षिततेची यंत्रणा बंद ठेवली गेली होती, माणसे कमी केली गेली होती, ही मूळ कारणे दृष्टिआड करता येणार नाहीत. शिवाय खालून वर जाणारा शब्द तेथे अनेकदा उच्चारला गेला होता, आणि तोही पुरेसा स्पष्ट होता. १९७६ सालीच तेथील दोन कामगार संघटनांनी कारखान्यातील प्रदूषणाविषयी तक्रार केली होती. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. १९८२ मध्ये पत्रकार राजकुमार केसवानी यांनी शहरावरील संकटाचा इशारा छापून दिला. कमतरता बोलण्याची नव्हती. वर बसलेल्यांवर ऐकण्याचे बंधन नव्हते. आणि वायू सुटल्यावर गावासाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला, ‘लोक घाबरतील’ म्हणून! वायू कोणता, त्यावर उपचार कोणता, हे रुग्णालयातील डॉक्टरांनाही वेळेवर सांगितले गेले नाही. सरकारी हिशेबानेच मृतांची संख्या हजारांत भरते.

याउलट निरोप अचूक पोचलाच पाहिजे असे व्यवस्थेने ठरवले, तर ते कसे साधते, याचे उदाहरण याच देशातील रेल्वेत आहे. फाटकवाल्याला दूरध्वनीवर ‘गाडी येत आहे, फाटक बंद कर’ एवढे सांगून स्टेशनमास्तरचे काम संपत नाही. फाटक बंद झाल्याची खूण म्हणून फाटकवाल्याने आपल्याजवळच्या यादीतील ‘प्रायव्हेट नंबर’ सांगायचा आणि तो दोन्हीकडे नोंदवून ठेवायचा, अशी पद्धत आहे. येथे केवळ ‘होय साहेब’ चालत नाही. फाटकवाला हुशार आहे की भोळा, साहेबाला भितो की भीत नाही, यावर प्रवाशांचे प्राण सोपवलेले नाहीत. निरोप मिळाला, तो समजला आणि त्याप्रमाणे काम झाले, या तिन्ही गोष्टींचा पुरावा पद्धतीतूनच निर्माण होतो. जे रेल्वेच्या फाटकावर शक्य आहे, ते बॉयलरपाशी आणि प्रेसमशीनपाशी अशक्य का असावे?

कायद्यानेही या प्रश्नाची काही दखल घेतली होती. सेवाशर्तींचे स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ लावले पाहिजेत, असे १९४६ च्या कायद्याने सांगितले. कारखान्यातील सूचनाफलकांविषयी १९४८ च्या कारखाने कायद्यात तशीच तरतूद होती. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, धोक्याची माहिती मिळवण्याचा आणि नजीकच्या धोक्याकडे लक्ष वेधण्याचा कामगाराचा अधिकार मान्य झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे नव्या श्रमसंहितांत विलीन झाले आहेत. १९४६ चा कायदा सामान्यतः १०० कामगारांच्या आस्थापनेला लागू होता; नव्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांसाठी ही मर्यादा ३०० वर नेण्यात आली. लहान कारखान्यातील कामगाराला आपल्या सेवाशर्ती लेखी स्वरूपात समोर दिसण्याची शक्यता त्या प्रमाणात घटली, याचा विचार कार्यकर्त्यांनी गांभीर्याने केला पाहिजे. दुसरे असे की ‘बहुसंख्यांची भाषा’ या शब्दांत अल्पसंख्य राहून जातात. चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात आज मराठी कामगाराच्या शेजारी बिहारचा, उत्तर प्रदेशाचा, ओडिशाचा कंत्राटी कामगार उभा असतो. मराठी फलकाचा आग्रह धरणाऱ्याने त्या शेजाऱ्याच्या भाषेतही धोक्याची सूचना मागितली पाहिजे. यंत्र कोणाचीही मातृभाषा विचारत नाही.

आता स्वतःच्या घराकडे वळणे प्राप्त आहे. मालकाच्या कारभारातील अस्पष्टतेवर बोट ठेवणाऱ्या संघटनांचे व्यवहार स्पष्ट असतात काय? करार इंग्रजीत होतो, त्यातील उत्पादनवाढीची कलमे वकील आणि पुढारी वाचतात, आणि द्वारसभेत ‘एवढी पगारवाढ मिळाली’ एवढेच सांगितले जाते. चार महिन्यांनी कामाचा बोजा वाढतो, तेव्हा सभासदाला वाटते की पुढाऱ्याने फसवले. ‘बोलणी चालू आहेत’, ‘योग्य वेळी निर्णय घेऊ’ ही वाक्ये व्यवस्थापनाच्या तोंडी जितकी संतापजनक वाटतात, तितकीच ती पुढाऱ्यांच्या तोंडीही वाटली पाहिजेत. अशा गैरसमजांनी चिरडलेल्या संघटना मालकाच्या दडपशाहीने चिरडलेल्या संघटनांपेक्षा कमी नसतील.

या बाबतीत नारायण मेघाजी लोखंडे यांचा धडा आजही ताजा आहे. सत्यशोधक परंपरेतील या कार्यकर्त्याने १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन, सुमारे ५५०० सह्यांनिशी, फॅक्टरी कमिशनपुढे मागण्या ठेवल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. या मागण्यांत वार आहे, तास आहे, तारीख आहे. सही किंवा अंगठा करणाऱ्या प्रत्येकाला आपण काय मागतो हे ठाऊक होते आणि मालकालाही ‘अर्थ कळला नाही’ असे म्हणण्यास जागा उरली नाही. १८९० च्या जूनमध्ये साप्ताहिक सुट्टी मिळाली. त्यासाठी सहा वर्षांची चळवळ लागली हे खरे. पण त्या चळवळीला मागणीच्या स्पष्टतेचा भक्कम पाया होता.

तेव्हा करावयाचे काय? पाळी बदलताना मागची आणि आताची, दोन्ही आकडेवारी शेजारी-शेजारी लिहून सही करण्याचा नियम मागावा. धोक्याच्या कामाचा हुकूम लेखी द्यावा, आणि ज्याला तो मिळाला त्याने तो स्वतःच्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय काम सुरू होऊ नये. रात्री उशिरा मोबाइलवर टाकलेला संदेश ही रीतसर सूचना मानली जाऊ नये. ‘समजले नाही’ असे म्हटल्याबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही, हे करारातच लिहून घ्यावे. आणि संघटनेने सहीपूर्वी कराराचे प्रत्येक कलम सभासदांच्या भाषेत सभेत वाचावे, प्रश्न घ्यावेत, निर्णयापुढे तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे. सभेत कोणी विचारले नाही म्हणजे सर्वांना समजले, असे धरून चालू नये; मागच्या रांगेतील कंत्राटी कामगाराला, स्त्री-कामगाराला नाव घेऊन विचारावे.

या मागण्यांना फारसा पैसा लागत नाही. तरीही त्यांना विरोध होईल, कारण स्पष्ट लेखी हुकूम देणाऱ्याला त्या हुकुमाची जबाबदारी घ्यावी लागते. कारखान्यात लोकशाही हवी असे समाजवादी चळवळ वर्षानुवर्षे म्हणत आली आहे. मान खाली घालून ‘होय साहेब’ म्हणणारा कामगार जेव्हा मान वर करून ‘पुन्हा सांगा, समजले नाही’ असे म्हणेल, आणि त्याला पुन्हा सांगणे हे साहेबाचे कर्तव्य ठरेल, त्या दिवशी त्या लोकशाहीचे पहिले पाऊल पडले असे मानता येईल.