भरपगारी रजेचा हिशेब

(महाड औद्योगिक वसाहतीतील कामगार व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



गणपतीत पोलादपूरच्या वाड्यावाड्यांवर मुंबईचा चाकरमानी उतरतो, तसा आपल्या वसाहतीतील कामगारही चार दिवस रजा मंजूर करून घरी राहतो. पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात मात्र कधी त्याच दिवसांपुढे ‘खाडा’ लागलेला असतो. घरात विचारणा झाली की तो म्हणतो, ‘जाऊ दे, उगाच नजरेत कशाला यायचे?’ मला आज या ‘जाऊ दे’विषयीच बोलायचे आहे.

रजेचा पगार ही मालकाची कृपा नव्हे. साप्ताहिक सुट्टीसाठीदेखील नारायण मेघाजी लोखंडे यांना मुंबईत वर्षानुवर्षे झगडावे लागले. 1890 मध्ये गिरणी कामगाराला रविवार मिळाला. कारखान्यांच्या कायद्यात भरपगारी रजेची तरतूद 1945 मध्ये झाली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. 20 मार्च 1927 रोजी याच गावी चवदार तळ्याचे पाणी ज्यांनी हक्काने ओंजळीत घेतले, तेच हे बाबासाहेब. हक्क आणि याचना यांतील अंतर महाडकरांना मी काय सांगावे?

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील काही कलमांवर भारतीय मजदूर संघाचे आक्षेप आहेत. परंतु जे मिळाले आहे ते पदरात पाडून घेतले पाहिजे. वर्षात 180 दिवस काम केलेल्या कामगाराला कामाच्या दर 20 दिवसांमागे 1 दिवस भरपगारी रजा मिळते. पूर्वी ही अट 240 दिवसांची होती. हिशेबाची चूक बहुधा येथेच होते. जुनाच आकडा धरला जातो, किंवा रजेचा पगार केवळ मूळ वेतनावर काढला जातो. समजा, मूळ वेतन 9,100 आणि महागाई भत्ता 6,500 रुपये आहे. 26 दिवसांनी भागले तर रोज 600 रुपये पडतात. भत्ता वगळला तर 350. बारा दिवसांच्या रजेत 3,000 रुपये गेले! शाळेच्या गणवेशाचे पैसे असे नकळत निघून जातात.

प्रत्येक चूक लबाडीच असते असे मी मानत नाही. टाइम ऑफिसातला कारकूनही आपल्यासारखाच पगारदार आहे. म्हणूनच मुकादमाशी गेटवर हुज्जत घालू नये आणि गप्पही बसू नये. संघटनेच्या प्रतिनिधीकडे जावे. मंजूर रजेचा अर्ज, हजेरीची स्वतःची नोंद आणि पगारपत्रक त्याच्यापुढे ठेवावे. कागदाची एक प्रत त्याच्याकडेच राहू द्यावी. 2021 च्या जुलैत सावित्रीचे पाणी घराघरांत शिरले तेव्हा कागदांचे काय झाले, हे आपण पाहिले आहे.

प्रतिनिधी तक्रार लेखी देतो आणि पोच घेतो. एकट्याचे गाऱ्हाणे टेबलावर पडून राहते. प्रतिनिधी मात्र तीच चूक आणखी किती जणांच्या पत्रकात आहे ते तपासतो, आणि मग कोणा एकाच्या नजरेत येण्याचा प्रश्नच उरत नाही. पुष्कळदा काम येथेच होते, फरक पुढच्या पगारात जमा होतो. न झाल्यास, 20 वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे आणि तीत कामगारांचे प्रतिनिधी निम्मे असले पाहिजेत. समितीने 30 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर 60 दिवसांच्या आत संघटनेमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते. संप हे अखेरचे शस्त्र; 3,000 रुपयांसाठी ते उपसण्याचे कारण नाही. देशहितासाठी काम करू आणि कामाचे पूर्ण दाम घेऊ, या आपल्या घोषणेचे दोन्ही अर्धे सारखेच खरे आहेत.

कंत्राटी बांधवांना सर्वांत अधिक भीती वाटते. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की कंत्राटदाराने वेतन दिले नाही, तर ते चुकते करण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते.

भगिनींना एक विनंती. गणपतीच्या महिन्याचे पगारपत्रक घरात डब्यात असेल, ते आज रात्रीच काढा आणि त्यात खाड्याचे दिवस किती लावले आहेत ते मोजून पाहा.